आठ महिन्यांचा बूट: मुंबईत पहिला शेल कॉर्डोवन जोड घेणाऱ्यासाठी

माझ्या बुटांच्या नाकावर पहिल्यांदा फोड आले ते चर्चगेट ते फोर्ट या दहा मिनिटांत. जूनचा दुसरा आठवडा, छत्री बॅगेत, आणि 'आज काही येत नाही' हा फाजील आत्मविश्वास. ऑफिसात पोचून खाली बघितलं तर तांबूस, आरशासारख्या कातड्यावर घामोळं उठल्यासारखे बारीक बारीक उंचवटे. ज्या जोडासाठी दीड वर्ष पैसे बाजूला टाकले, जो म्हणे जन्मभर टिकतो, त्याची ही अवस्था! पुढे ते फोड बसले, तेही एका चमच्याने. ते सांगेनच. पण त्या दिवशी जे कळलं ते आधी सांगून टाकतो: मुंबईत शेल कॉर्डोवन, म्हणजे घोड्याच्या कातड्यातल्या एका दाट थरापासून केलेला बूट, हा आठ महिन्यांचा बूट आहे. ऑक्टोबर ते मे. हे मान्य असेल तर पुढे वाचा. बारा महिने एकच जोड घालायचा असेल तर चांगल्या काफ लेदरचे (वासराच्या कातड्याचे), रबरी सोलचे बूट घ्या आणि उरलेल्या पैशांत कोकणात जाऊन या.

पायरी १: हे कातडं नक्की कुठलं, ते समजून घ्या

'घोड्याच्या पुठ्ठ्याचं', म्हणजे ढुंगणावरचं, 'कातडं' असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. पुठ्ठ्यावरच्या कातड्याच्या पोटात दाट तंतूंचा एक चपटा, लंबगोल थर असतो. वरचा-खालचा भाग तासून तो थर मोकळा करतात, तोच शेल. एका घोड्याचे असे दोन शेल निघतात आणि त्यांत बुटांचा जेमतेम एखाद-दुसरा जोड होतो. बाकीच्या अंगाचं कातडं घोड्याचंच असलं तरी ते शेल नव्हे. हे डोक्यात ठेवा, दुकानात उपयोगी पडेल.

नाव आलं स्पेनमधल्या कोर्दोबा शहरावरून. मध्ययुगात तिथल्या कातड्याचा बोलबाला होता, पण ते बहुतेक शेळीचं असे. आजच्या शेल कॉर्डोवनचं सर्वांत मोठं नाव म्हणजे शिकागोची हॉरवीन ही टॅनरी, म्हणजे कातडं कमावण्याचा कारखाना. आयझॅडोर हॉरवीन यांनी ती १९०५ साली सुरू केली. जपानमध्ये हिमेजीला शिंकी हिकाकू आहे, इटलीत टस्कनीमध्ये रोकाडो. कारखाने मोजकेच, कारण काम वेळखाऊ आहे. कातडं झाडांच्या साली-लाकडांच्या अर्कात मुरवायचं, मग त्यात हाताने चरबी आणि मेण जिरवायचं, वाळवायचं, तासायचं, हातानेच रंग चढवायचा आणि शेवटी काचेच्या रुळाने घासून घासून चकाकी आणायची. हॉरवीनमध्ये या सगळ्याला किमान सहा महिने लागतात. आपल्याला यात परकं काही वाटायला नको. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, त्याच जातीचं हे काम. फक्त घोडा वेगळा आणि घाई त्याहून कमी.

हॉरवीनची सुरुवात बुटांपासून झाली नाही, वस्तऱ्याला धार लावायच्या वादीपासून झाली. गिरगावात लहानपणी आमच्या न्हाव्याच्या खुर्चीला एक काळीभोर वादी लटकलेली असे. तो वस्तरा तिच्यावर सटासट फिरवायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो. ती वादी घोड्याची होती की म्हशीची, विचारायचं राहून गेलं. पण वादीला जे कातडं लागतं तेच या बुटाला लागतं: घट्ट, न ताणणारं, आणि जितकं घासावं तितकं गुळगुळीत होणारं. पुढे सेफ्टी रेझर आले, वाद्यांचं गिऱ्हाईक आटलं आणि शेल बुटांकडे वळला.

एक गोष्ट घरी आधीच बोलून घ्या. हे कातडं परदेशातल्या घोड्याच्या मांसाच्या धंद्यातून मागे उरलेलं असतं, मुख्यतः फ्रान्स आणि कॅनडातलं. केवळ बुटांसाठी घोडा मारत नाहीत. तरीही ज्या घरात खंडोबाचा टाक देव्हाऱ्यात आहे तिथे 'घोड्याचे बूट' हे शब्द कसे पडतील याचा अंदाज तुमचा तुम्हाला. मी सहा महिने नुसतं 'इम्पोर्टेड' म्हणत होतो.

पायरी २: आपल्याला हे झेपेल का, ते बघा

गुण आधी. काफ लेदरला सुरकुत्या पडतात, कॉर्डोवनला वळ्या पडतात. चालताना बोटांच्या मागे जिथे बूट वाकतो तिथे बारीक रेघांचं जाळं न होता दोन-तीन जाड, गोलसर लाटा उठतात. वरचा थर केसाच्या छिद्रांचा नसतोच, त्यामुळे तडकायला जागा कमी. दहा-बारा वर्षं नियमित वापरलेले जोड मी पाहिलेत. वळ्या तेवढ्या खोल झालेल्या, कातडं शाबूत.

दुसरा गुण मला लोकलमध्ये कळला. मला वाटलं होतं सकाळच्या फास्टमध्ये पहिल्याच आठवड्यात बुटांची वाट लागेल. दादरला एका गृहस्थांची टाच माझ्या अंगठ्यावर आली, पांढरा ओरखडा उठला, माझा जीव गेला. संध्याकाळी जोर लावून ब्रश मारला तर ओरखडा ओळखू येईना. तंतू इतके दाट असतात की चरा कातड्यात उतरत नाही, वरच्या वर दबतो, आणि दाबून-घासून परत बसवता येतो. खोल कापलं तर अर्थात उपाय नाही.

आणि रंग. हॉरवीनचा 'कलर एट' नावाचा गडद वांगी-तांबडा रंग प्रसिद्ध आहे. नवा असताना तो जवळजवळ काळा दिसतो, उन्हा-वाऱ्याने वळ्यांवर आधी आणि मग सगळीकडे हळूहळू उजळत जातो. कोकमाच्या सालीपासून कोकम सरबतापर्यंतचा प्रवास म्हणा. हा गुण की दोष, हे ज्याने त्याने ठरवावं. मला आवडतो. पण बूट खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवले तर एक बाजू सरबत आणि एक बाजू साल राहते, हेही सांगतो.

आता दोष. पहिला पैसा: अमेरिकन किंवा इंग्रजी नामांकित कारखान्याचा नवा जोड ८०० डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, त्यावर कुरिअर आणि कस्टम. दुसरा उकाडा. हे कातडं जाड आणि बंदिस्त असतं, हवा फारशी खेळत नाही. ऑक्टोबर हीटमध्ये संध्याकाळपर्यंत पाय उकडतात. तिसरा कडकपणा, पहिले दोन-तीन आठवडे पुठ्ठ्याच्या खोक्यात पाय घातल्यासारखं वाटतं. चौथा पाऊस, त्याच्याकडे येतोच.

माझं स्पष्ट मत: हा तुमचा तिसरा जोड असावा. पहिला पावसाळ्याचा, दुसरा रोजचा. आणि नवखे असाल तर लेसचे न घेता लोफर घ्या. आपण दिवसातून किती वेळा चपला-बूट काढतो ते मोजा: घरचा उंबरठा, शेजारच्यांचा उंबरठा, देऊळ, सत्यनारायण. लेस न सोडता टाच चिरडून बूट काढायची सवय असेल तर मागचा कडक भाग वर्षभरात मोडतो, मग वरचं कातडं शंभर वर्षं टिकून काय करायचं? देवळाबाहेर हा जोड ठेवून दर्शनात मन लागतं का, हा वेगळाच प्रश्न. माझं लागत नाही, म्हणून मंगळवारी सिद्धिविनायकाला मी कोल्हापुरी घालतो.

पायरी ३: नावाला भुलू नका

मुंबईच्या दुकानांत आणि ऑनलाइन 'कॉर्डोवन' हा शब्द सर्रास रंगासाठी वापरतात. तांबूस-मरून रंगाचा कुठलाही बूट 'कॉर्डोवन कलर' असतो. चार हजारांत 'कॉर्डोवन शूज' दिसले तर ती फसवणूकच असेल असं नाही, ते बहुधा फक्त रंग सांगत असतात. तुम्हाला 'शेल' हा शब्द हवा आणि टॅनरीचं नाव हवं. 'हॉर्स लेदर' एवढंच लिहिलेलं असेल तर ते शेल धरू नका.

बूट हातात असेल तर तीन गोष्टी बघा. एक, उजेडात तिरपा धरून केसांची छिद्रं शोधा. शेलवर ती नसतात. पण प्लास्टिकचा थर दिलेल्या चकचकीत कातड्यावरही नसतात, म्हणून नुसत्या या परीक्षेवर थांबू नका. दोन, वाकण्याची जागा अंगठ्याने हलकेच दाबा: बारीक रेघा फुटल्या तर ते शेल नाही, गुबगुबीत लाट उठली तर आशा आहे. तीन, चमक बघा. प्लास्टिकची चमक वरवर सगळीकडे सारखी असते. शेलची चमक आतून आल्यासारखी, जुन्या सागवानी कपाटाला हात लागून लागून येते तशी. लायटर लावून बघा, पाणी शिंपडून बघा असले सल्ले देणारे भेटतील. त्यांना त्यांच्या स्वतःच्या बुटावर करू द्या.

जुना जोड स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, या कातड्याचा तो एक मोठा फायदाच आहे. फक्त वळ्यांच्या तळाशी कोरड्या भेगा नाहीत ना, ते बघा. भेग पडलेलं शेल कुठल्याच क्रीमने सांधत नाही. आणि आधीच्या मालकाच्या वळ्या त्याच्या पायाच्या जागी पडलेल्या असतात. तुमचा पाय दुसऱ्या ठिकाणी वाकत असेल तर प्रत्येक पावलाला ती लाट बोटांना चावते. घालून निदान पंधरा मिनिटं चाला.

पायरी ४: माप संध्याकाळी घ्या

'वापरून सैल होईल' हे वाक्य काफ लेदरला लागू पडतं. शेल फार ताणत नाही. ते न ताणण्यासाठीच तर प्रसिद्ध आहे. आत तळव्याखालचा कॉर्कचा थर दबतो, तेवढीच जागा मिळते. बोटांच्या सांध्याला आज चिमटा बसत असेल तर तो पाच वर्षांनीही बसणार.

आपल्याकडे ब्रिटिश नंबर चालतो. अमेरिकन ९ म्हणजे साधारण आपला ८, पण प्रत्येक कारखान्याचे फर्मे (ज्यावर बूट बेततात ते पायाच्या आकाराचे साचे) वेगळे आणि एकाच कारखान्याचे दोन फर्मेही अर्ध्या नंबरने इकडे-तिकडे होतात. म्हणून मागवण्याआधी त्यांना आपल्या पायाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये कळवा. पाय मापायचा तो संध्याकाळी, ऑफिस करून, लोकलमध्ये अंधेरीपर्यंत उभं राहून आल्यावर, घालणार तेच मोजे घालून. मुंबईत सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय हे दोन वेगळे पाय आहेत.

पायरी ५: पहिली घडी

शौकिनांमध्ये एक रिवाज आहे. नवा बूट घालायचा, जिथे वाकणार तिथे आडवी गोल पेन्सिल दाबून धरायची आणि टाच हळूच उचलायची. म्हणजे पहिली वळी सरळ पडते, आणि दोन्ही बुटांवर एकाच जागी. मला हे थोडं लिंबू-मिरचीसारखं वाटतं, पुढच्या वळ्या शेवटी पायच ठरवतो. पण मी ते केलं होतं. तुम्हीही कराल.

पहिले पंधरा दिवस घरात तासभर, मग ऑफिसात अर्धा दिवस. लागोपाठ दोन दिवस एकच जोड घालू नका, घाम आतल्या आत वाळायला इथल्या दमट हवेत पूर्ण दिवस लागतो.

पायरी ६: रोजची निगा म्हणजे ब्रश

घरी आल्यावर कोरड्या कापडाने धूळ पुसायची आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने दोन-तीन मिनिटं जोरात घासायचं. (घोड्याच्या कातड्यावर घोड्याच्याच शेपटीचा ब्रश. असो.) कातड्यात मुळातच इतकी चरबी जिरवलेली असते की घासण्याच्या उबेनेच चमक वर येते. क्रीम वर्षातून तीन-चारदा, तेही दोन्ही बुटांना मिळून वाटाण्याएवढं. मेणाचं पॉलिश मी जवळजवळ वापरत नाही. ते वळ्यांमध्ये साठतं आणि चालताना पांढुरकं होऊन झडतं.

सीएसएमटीच्या फलाटावर पेटीवर ब्रश आपटून बोलावणारे पॉलिशवाले असतात, त्यांच्याकडे बसायला हरकत नाही. फक्त 'पॉलिश नको, लिक्विड नको, नुसता ब्रश मारा' असं आधीच सांगा. ते तुमच्याकडे वेड्यासारखं बघतील. पैसे पूर्ण द्या. त्यांच्या हाताला जो वेग आहे तो आपल्याला घरी जमत नाही, आणि या कातड्याला हवा असतो तो नेमका तोच.

दुरुस्तीचंही इथेच सांगतो. असे बूट बहुधा गुडइयर वेल्ट पद्धतीने शिवलेले असतात, म्हणजे वरचं कातडं आणि सोल यांच्यामध्ये वेल्ट ही चामड्याची पट्टी असते आणि सोल उसवून नवा शिवता येतो. टाच बदलणं किंवा चामडी सोलवर पातळ रबरी हाफ सोल चिकटवणं नाक्यावरचा कारागीर झकास करतो. हे घेतल्या घेतल्या करून घ्या, कारण स्टेशनच्या गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर चामडी सोल घसरतो. त्याला दोन गोष्टी बजावा: सोल्युशन वरच्या कातड्याला लागू द्यायचं नाही आणि वरून खिळा मारायचा नाही. अख्खा सोल बदलायची वेळ आली की मात्र अडचण होते. ठक्कर बाप्पा कॉलनीत आणि धारावीत हाताचे कसबी कारागीर आहेत. त्यांच्यापैकी ज्याने वेल्ट हाताने शिवलेला दाखवला त्यालाच द्या, नाहीतर मूळ कारखान्याकडे पाठवा, येण्याजाण्याच्या खर्चासह. जन्मभर टिकणाऱ्या बुटाचा हा खर्च जाहिरातीत नसतो.

पायरी ७: भिजलेच तर

पाण्याचा थेंब पडला की त्या जागचे दाबून बसवलेले तंतू फुगतात, म्हणून फोड येतात. सगळं कातडं सारखं भिजलं तर तेवढं दिसत नाही, थेंबाथेंबाने भिजलं की दिसतं. म्हणजे मुसळधार परवडली, रिमझिम वाईट.

घाबरून लगेच घासू नका, माझी पहिली चूक तीच होती. ओला बूट आधी कापडाने टिपून घ्या. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला. बूट कुशीवर आडवा ठेवा म्हणजे सोललाही वारा लागेल. पंखा चालेल. ऊन, हेअर ड्रायर, फ्रिजमागची गरम जागा, यातलं काहीही नाही, तापून कातडं कडक होतं. पूर्ण दीड-दोन दिवस वाळू द्या.

मग घट्ट पिळलेलं ओलसर फडकं संपूर्ण बुटावरून एकसारखं फिरवा, म्हणजे डाग आणि आजूबाजूचा भाग यांतला फरक कमी होतो. त्यावर क्रीमचा नुसता स्पर्श. आणि आता चमचा: त्याची गोल पाठ फोडावर ठेवायची आणि अंगठ्याने भक्कम दाबून एकाच दिशेने फिरवायची, पुन्हा पुन्हा, पंधरा-वीस मिनिटं. परदेशात यासाठी हरणाचं हाड वापरतात. आपल्याकडे हरणाचं हाड घरात ठेवून वन्यजीव कायद्याच्या प्रश्नांना कशाला उत्तरं द्यायची? स्टीलचा चमचा पुरतो, फक्त त्याच्या कडेवर चरे नकोत.

मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून हे करत होतो तेव्हा आई आली.

"अरे, तो पोह्यांचा चमचा आहे!"

"धुऊन देतो."

"नको. राहू दे आता तुझ्या बुटांनाच."

तो चमचा अजून माझ्या ब्रशांच्या डब्यात आहे. फोड तीन बैठकांत बसले. उजव्या बुटावरचा एक मात्र बोट फिरवलं की अजून लागतो.

पायरी ८: जूनच्या आधी बांधून ठेवा

मेअखेर बूट साफ करा, अगदी थोडं क्रीम लावा, दोन दिवस उघड्यावर ठेवा. आत सीडर लाकडाचे शू ट्री, म्हणजे पायाच्या आकाराचे ठोकळे, घाला. ते आकारही धरतात आणि ओलही शोषतात. सुती पिशवीत घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीला लागून नसलेल्या वरच्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. आपल्याकडे जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो, प्लास्टिक तो आत कोंडून ठेवतं. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवायचे.

कधीतरी पिशवी उघडल्यावर पांढरं दिसेल. दचकू नका, आधी ओळखा. वळ्यांमध्ये आणि वेल्टच्या शिवणीपाशी धुक्यासारखा सपाट पांढरा थर असेल, वास नसेल आणि बोटाच्या उबेने तो विरघळत असेल, तर ती कातड्यातली चरबी वर आली आहे. ब्रश मारा, गेली. ठिपक्या-ठिपक्यांनी, लोकरीसारखं, कुबट वासाचं आणि अस्तरातही असेल तर ती बुरशी. मग बूट लगेच गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा, कोरड्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. त्यानंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन जेमतेम ओलावलेल्या कापडाने आतून-बाहेरून पुसा आणि सावलीत वाळवा. बुरशी लागलेल्या बुटाचा ब्रश दुसऱ्या बुटाला लावू नका.

परत काढायची तारीख मी पावसावर सोडत नाही, तो गणपतीत थांबल्यासारखं करतो आणि नवरात्रात पुन्हा गाठतो. कालनिर्णयवर दसऱ्याच्या चौकटीत मी पेन्सिलने 'बूट' लिहून ठेवतो. गेल्या वर्षी आईने त्याच्याखाली 'आणि चमचा' असं लिहिलं होतं.